बोलिव्हियात रात्र कुठे काढायची?

दक्षिण अमेरिकेतल्या स्वस्त देशांची यादी केली तर बोलिव्हिया अगदी वरच्या रांगेत येतो. हॉस्टेलच्या डॉर्ममधली खाट दहा डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही कमीत मिळते. त्यामुळे पाठीवर सॅक टाकून निघालेली मुलं-मुली मुक्कामाचा फार विचार करत नाहीत. फोनवर यादी उघडायची, भाड्याच्या क्रमाने लावायची आणि पहिल्या दोन-तीन नावांतून एक उचलायचं. इतर देशांत हे खपून जातं. बोलिव्हियात मात्र असं करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते, कारण इथल्या कितीतरी गावांत दिवसभराच्या भटकंतीपेक्षा रात्रीची झोपच अवघड असते. हवा विरळ, थंडी कोरडी आणि बोचरी, खोलीत हीटर बहुधा नाहीच. इथे आधी उंची बघावी, मग ऊब, मग पाणी. भाडं सगळ्यांत शेवटी.

ला पाझचा विमानतळ एल आल्तो या शेजारच्या शहरात आहे, ४,०६१ मीटरवर. विमानातून उतरून सामानाच्या पट्ट्यापर्यंत चालतानाच धाप लागते. लेहला उतरणाऱ्यांना पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहायला सांगतात, हे आपल्याकडे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ला पाझचा मध्यभाग लेहपेक्षाही थोडा उंच, सुमारे ३,६०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत तिथे हवेचा दाब दोन तृतीयांशाहूनही कमी भरतो. पहिल्या रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोपेत श्वास मध्येच अडल्यासारखा होऊन माणूस दचकून उठतो.

शिवाय हे शहर एका खोल दरीत वसलेलं आहे. वरच्या काठावर एल आल्तो आणि तळाशी सोना सुर हा सुखवस्तू भाग, साधारण ३,३०० मीटरवर. काठापासून तळापर्यंत सात-आठशे मीटरचा फरक! बॅकपॅकर लोकांची बहुतेक हॉस्टेलं सान फ्रान्सिस्को चर्चच्या मागे, सागार्नागा रस्त्याच्या आसपास आहेत. नकाशावर ‘चर्चपासून दोनशे मीटर’ दिसतं, पण ते दोनशे मीटर सरळ चढाचे असतात. त्यात डॉर्म चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणजे विसरलेली पाण्याची बाटली आणायला खाली जाणंही नकोसं होतं. म्हणून आरक्षणाआधी मजला विचारावा. २०१४पासून शहरात केबल कारचं जाळं उभं राहिलं आहे आणि तिचा हिरवा मार्ग थेट सोना सुरमध्ये उतरतो. त्यामुळे पहिल्या एक-दोन रात्री तिथे खाली काढून दिवसा वर फिरायला येणं सहज जमतं. भाडं थोडं जास्त पडेल, पण ते द्यावं. गच्चीवर बार असलेली हॉस्टेलं तरुणांमध्ये लोकप्रिय आहेत. दोष संगीताचा नाही, पण या उंचीवर शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं. त्यात पहिल्याच रात्री दारू घेतली की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे ला पाझला आधी जायचंच नाही. साओ पाउलोहून सांता क्रूझला उतरावं. हे शहर जेमतेम चारशे मीटरवर, उष्ण आणि दमट. तिथून सामाइपाता, मग २,८०० मीटरवरचं सुक्रे, आणि शरीर रुळल्यावर मिठाच्या मैदानाजवळचं उयुनी, ला पाझ, तितिकाका सरोवरकाठचं कोपाकाबाना. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं गिर्यारोहणाचं वैद्यकशास्त्र सांगतं. बसच्या प्रवासात ते तंतोतंत पाळता येत नाही. सुक्रेहून पोतोसीला गेलं तरी काही तासांत बाराशे मीटरची उडी बसते. म्हणूनच सुक्रेत मुक्काम लांबवावा. पांढऱ्याशुभ्र भिंतींचं हे गाव, इथेच ६ ऑगस्ट १८२५ रोजी बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. स्पॅनिश शिकायला लोक इथे आठवडेच्या आठवडे राहतात, त्यामुळे आठवड्याचा दर मागितला तर सहसा मिळतो.

आता ऊब. जून-जुलै हा तिथला हिवाळा आणि पर्यटनाचा मोसमही तोच. दिवसा ऊन कडक, पण सूर्य मावळला की पारा भराभर उतरतो. उयुनीत रात्री शून्याखाली दहा अंशांपर्यंत जाणं नवलाचं नाही. स्वस्त जागेत हीटर क्वचितच असतो, असलाच तर त्याचे वेगळे पैसे. म्हणून खोली दाखवल्यावर आधी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघावं. तिथे सूर्य उत्तरेकडून तळपतो, त्यामुळे उत्तरेकडे खिडकी असलेली खोली दिवसभर तापते आणि दक्षिणेकडची, विशेषतः आतल्या चौकाकडे तोंड असलेली, बर्फासारखी गार राहते. भाडं दोन्हींचं तेच! कच्च्या विटांच्या जाड भिंतींची जुनी घरं सिमेंटच्या नव्या इमारतींपेक्षा ऊब जास्त धरतात. ब्लँकेटं किती मिळतील हेही विचारावं. आधी खोली बघू द्या म्हणण्यात काहीच गैर नाही, तिथली माणसंही तसंच करतात.

आंघोळीचं पाणी हा स्वतंत्र विषय आहे. बहुतेक स्वस्त ठिकाणी शॉवरच्या तोंडातच विजेची कॉइल बसवलेली असते. धार जितकी मोठी तितकं पाणी कोमट, त्यामुळे गरम पाणी हवं तर नळ अगदी बारीक सोडावा लागतो. भिंतीवर उघड्या वायरी दिसल्या, टेपने गुंडाळलेले जोड दिसले, तर तिथे आंघोळ करू नये. वायरिंग ठीक असलं तरी रबरी चप्पल पायात ठेवावी आणि शॉवर चालू असताना त्याच्या धातूच्या भागाला हात लावू नये. काही ठिकाणी गॅस गीझर असतो. तो बंद न्हाणीघराच्या आत असेल आणि धूर बाहेर काढणारा पाइप नसेल, तर ती जागा सोडून द्यावी. कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या आपण महाराष्ट्रातही वाचतो, आणि विरळ हवेत आधीच प्राणवायू कमी असतो.

शाकाहारी माणसाने स्वयंपाकघर असलेलंच हॉस्टेल शोधावं. बाजारातल्या खानावळींत सूप स्वस्त आणि चविष्ट असतं, पण शेंगदाण्याचं प्रसिद्ध सूपही बहुधा मांसाच्या रश्शात शिजवलेलं असतं. ला पाझच्या मेर्कादो रोद्रिगेससारख्या बाजारात बटाटे, किन्वा, मसूर, भाज्या भरपूर मिळतात. अडचण शिजवण्यात येते. या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तूरडाळ तासभर उकळली तरी दाणे टणकच राहतात. तिथल्या घरांत प्रेशर कुकर सर्रास वापरतात, हॉस्टेलात आहे का ते विचारून घ्यावं. नसेल तर सालाशिवायची मूगडाळ सोबत न्यावी.

जागांचे प्रकार पाटीवरून कळतात. ‘अलोखामिएंतो’ सगळ्यांत स्वस्त, बहुधा बस टर्मिनलजवळ, न्हाणीघर सामाईक, आणि रात्री दार लवकर बंद होतं. ‘रेसिदेन्सिआल’ त्याच्या एक पायरी वर. ‘ओस्ताल’ म्हणजे स्वतंत्र खोल्यांची छोटी लॉज, तिथे डॉर्म असेलच असं नाही. दोघं मिळून फिरत असाल तर रेसिदेन्सिआलमधली खोली दोन डॉर्म-खाटांच्या भाड्यात सहज पडते. ही घरं बहुतेक एखादं कुटुंब चालवतं. इंटरनेटवर त्यांचं नाव सापडणार नाही, पण दिलेला पैसा गावातच राहतो. मला ही ठिकाणं मनापासून आवडतात. एकट्या बाईने मात्र दाराची कडी, गल्लीतले दिवे आणि रात्री दार कोण उघडतं हे बघूनच होकार द्यावा. रात्रीच्या बसने पोचल्यावर रस्त्यावरची अनोळखी टॅक्सी धरू नये, हॉस्टेललाच रेडिओ टॅक्सी बोलवायला सांगावं. डॉर्मच्या लॉकरला कुलूप आपलं न्यावं.

पैशांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. २०११पासून बरीच वर्षं एका डॉलरला ६.९६ बोलिव्हियानो हा दर स्थिर होता. २०२३पासून डॉलरची टंचाई झाली आणि बाजारात वेगळा, चढा दर सुरू झाला. त्यामुळे भाडं डॉलरमध्ये सांगितलंय की बोलिव्हियानोत, आणि कोणत्या दराने, हे विचारूनच आरक्षण करावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओरुरोच्या कार्निव्हलला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोपाकाबानाला आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर जाऊ नये.

उयुनीच्या मिठाच्या मैदानाला जाणाऱ्यांसाठी मुक्कामाची निवड त्यांच्या हातात नसते, ती जीप सफरीच्या एजंटकडे असते. तीन दिवसांच्या सफरीत पहिली रात्र बहुधा मैदानाच्या कडेला, मिठाच्या विटांनी बांधलेल्या घरात असते. मैदानाच्या आत उभं राहिलेलं असंच एक हॉटेल सांडपाण्याच्या प्रश्नामुळे मोडून काठावर नव्याने बांधावं लागलं. दुसरी रात्र लागुना कोलोरादा या लालसर सरोवराच्या परिसरात, ४,२०० मीटरच्या वर. तिथे पाच-सहा खाटांची खोली, वीज संध्याकाळी काही तास, आणि पहाटे नळातलं पाणी गोठलेलं. एजंटला पैसे देण्याआधी दोन्ही रात्री कोणत्या गावात, एका खोलीत किती जण, ब्लँकेटं किती आणि झोपायची पिशवी भाड्यात धरली आहे का, हे चार प्रश्न विचारून उत्तरं पावतीवर लिहून घ्यावीत. पिशवी वेगळी घ्यायची असेल तर ती उयुनीतच घ्यावी, सफर सुरू झाल्यावर वाटेत ती कुठेच मिळत नाही.