पहिल्या किलोमीटरला थोडी थंडी वाजू द्या

जानेवारीत पुण्यात सूर्य उगवायला सात वाजून जातात. साडेसहाला तळजाईच्या टेकडीवर अंधारच असतो आणि पारा दहा-बारा अंशांवर. अशा वेळी माकडटोपी, मफलर, जाड स्वेटर आणि आत सुती बनियन अशा बंदोबस्तात एक काका धावायला सुरुवात करतात. पंधरा मिनिटांनी ते परत दिसतात, तेव्हा टोपी खिशात, मफलर हातात आणि स्वेटर कमरेला. त्याच्या बाह्या दर पावलाला मांडीवर आपटत असतात.

काकांनी कपडे निवडले ते घराचं दार उघडताना लागलेल्या गारव्यासाठी. धावायचं मात्र होतं घाम फुटल्यानंतर.

साठ किलो वजनाचा माणूस दहा किलोमीटर धावला, की साधारण सहाशे कॅलरी खर्च होतात. त्यातला जेमतेम पाव हिस्सा पाय हलवण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता. दहा अंशांचं पाच लिटर पाणी उकळेल एवढी! हा बंब पोटात पेटलेला असताना वर स्वेटर कशाला? म्हणूनच धावणाऱ्यांचा एक साधा ठोकताळा आहे: बाहेर जेवढं तापमान असेल त्यात आठ-दहा अंश मिळवा आणि त्या हवेत फिरायला जाताना जे घालाल, ते घाला. पुण्याच्या दहा-बारा अंशांना त्यामुळे पातळ, पूर्ण बाह्यांचा एक टी-शर्ट आणि हाफ पँट बहुतेकांना पुरते.

तो टी-शर्ट सुती नको. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. पॉलिस्टर जवळजवळ पीतच नाही. घाम कापडावर पसरतो आणि उडून जातो. ओलं कापड अंगाला चिकटलं की शरीरातली उष्णता झपाट्याने बाहेर जाते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. धावताना हे जाणवत नाही. टपरीपाशी थांबलं की हुडहुडी भरते आणि दोष थंडीला जातो.

सर्वांत आधी गारठतात ती बोटं. पोटातले अवयव उबदार राहावेत म्हणून शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतं. त्यामुळे जाड स्वेटरपेक्षा पातळ हातमोजे जास्त कामाचे. १९७५ साली बिल रॉजर्सने बोस्टन मॅरेथॉन २ तास ९ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकली, तेव्हा त्याच्या अंगात हाताने अक्षरं रंगवलेला साधा शर्ट होता आणि हातांत बागकामाचे पांढरे मोजे. मोज्यांची सोय अशी, की गरम झालं तर काढून खिशात टाकता येतात. तीच गोष्ट बाह्यांची. जुन्या लांब पायमोज्यांचे पंजे कापा आणि उरलेल्या नळ्या दंडापर्यंत चढवा. ऊन आलं की खाली सरकवा.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते, हा समज मात्र सोडून द्या. डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा हिस्सा. उघडं ठेवलं तर उष्णताही जवळपास त्याच हिशोबाने जाते. कान झोंबत असतील तर कानपट्टी पुरे.

वारा असेल तर गणित बदलतं. तेव्हा पातळ विंडचीटर घ्या आणि जाताना वाऱ्याला तोंड द्या, येताना पाठ. उलट केलंत, तर घामाने भिजलेल्या अंगावर समोरून वारा घ्यावा लागेल. अंधारात निघणार असाल तर रंग फिकाच निवडा. वाहनचालकांना काळा टी-शर्ट दिसत नाही.

आता स्वतःची परीक्षा घ्यायची सोपी रीत. तयार होऊन फाटकाबाहेर दोन मिनिटं उभे राहा. किंचित कुडकुडलात तर कपडे बरोबर आहेत. तिथेच उबदार वाटलं तर एक कपडा घरात ठेवून या आणि एक कोरडा टी-शर्ट पिशवीत टाका. धावून झाल्यावर आधी तो बदला, मग चहा घ्या.