जिल्हाधिकारी ते विमानतळ कंपनीचे संचालक : व्ही. जे. कुरियन



"मोठेपणी कोण होणार?" असं विचारलं की मुलं चटकन सांगतात, "कलेक्टर!" पण कलेक्टर होऊन काय करणार, हा पुढचा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. त्याचं एक चांगलं उत्तर केरळमध्ये मिळतं. भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी व्ही. जे. कुरियन यांची ही वाटचाल मुलांना जरूर सांगा.

अडचण काय होती?

कोचीचा जुना विमानतळ वेलिंग्डन बेटावर, नौदलाच्या ताब्यात होता. धावपट्टी लहान आणि चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे मोठी विमानं उतरणं कठीण. आखाती देशांत तर लाखो मल्याळी माणसं कामाला! 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कुरियन एर्नाकुलमचे जिल्हाधिकारी होते. जुनीच धावपट्टी मजबूत करण्याऐवजी नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधावा, हा विचार तेव्हा पुढे आला. पण पैसा कुठून आणायचा?

पहिली योजना फसली

1993 मध्ये एक संस्था स्थापन झाली. परदेशातल्या मल्याळी लोकांकडून बिनव्याजी कर्ज घेऊन 200 कोटी रुपये उभारायचे, अशी कल्पना होती. जमले किती? जेमतेम साडेचार कोटी! लोकांना विमानतळ हवा होता, पण त्यासाठी पैसे सोडायला फारसं कुणी तयार नव्हतं.

मग मार्ग बदलला. 30 मार्च 1994 रोजी 'कोचीन इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड' ही कंपनी नोंदवली गेली आणि कुरियन तिचे व्यवस्थापकीय संचालक झाले. आता लोकांकडे मदत मागायची नव्हती, भागीदारी द्यायची होती. राज्य सरकार सर्वांत मोठं भागधारक झालं. सुमारे 30 देशांतल्या जवळपास 10 हजार अनिवासी भारतीयांनी पैसे गुंतवले. सरकारी कंपन्या आणि वित्तसंस्थाही आल्या. खाजगी भागीदारीतून उभा राहिलेला हा देशातला पहिला आंतरराष्ट्रीय विमानतळ.

इथे थांबून मुलांना कर्ज, देणगी आणि भागभांडवल यांतला फरक समजावता येईल. देणगी दिली की पैसा गेला. बिनव्याजी कर्ज दिलं तर फार तर मुद्दल परत मिळतं. भाग घेतला तर नफा-तोटा दोन्ही आपला.

जमीन कुणाची?

नेडुंबसेरी इथे सुमारे 1300 एकर जमीन लागली. तिच्यात बरीच भातशेती होती, राहती घरंही होती. 822 कुटुंबांचं पुनर्वसन करावं लागलं. त्यांना घरासाठी जागा दिली गेली. विमानतळावर नोकऱ्या आणि टॅक्सीचे परवाने देताना विस्थापितांचा विचार झाला. तरीही पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडणं सोपं नसतं. विकासाची गोष्ट सांगताना ही बाजू गाळू नका.

25 मे 1999 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. धावपट्टी 3400 मीटर लांबीची होती.

पुन्हा त्याच खुर्चीवर

कुरियन तिथे सलग राहिले नाहीत. तीन वेगवेगळ्या खेपांत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. 18 ऑगस्ट 2015 रोजी सुमारे 45 एकरांवरचा 12 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला आणि कोची हा पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ ठरला. मुलं लगेच विचारतील, "सर, मग रात्री काय?" दिवसा जास्तीची वीज राज्याच्या वीजवाहिनीत जाते आणि रात्री तेवढी परत घेतली जाते. हिशेब बरोबर जुळतो! पॅनलखालच्या जागेत भाजीपालाही पिकवला. 2018 मध्ये या विमानतळाला संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी ऑगस्टच्या महापुरात धावपट्टीवर पाणी शिरलं आणि विमानतळ दोन आठवडे बंद राहिला. त्या काळात काही विमानं उतरली ती नौदलाच्या त्याच जुन्या विमानतळावर. सखल जमिनीवर बांधकाम करताना पाण्याची वाट विसरून चालत नाही, हा धडाही यात आहे. कुरियन 2021 मध्ये पदावरून निवृत्त झाले.

वर्गात काय बोलावं?

परीक्षा पास होऊन पद मिळतं. पण पहिली योजना फसल्यावर दुसरी शोधायची, लोकांचा विश्वास मिळवायचा आणि वर्षानुवर्षं एका कामाच्या मागे राहायचं, हे त्या परीक्षेत कुणी विचारत नाही. म्हणून मुलांना हे प्रश्न द्या :

1. कर्जाला नाही म्हणणाऱ्या लोकांनी भाग का घेतले असतील?
2. तुमच्या परिसरातल्या धरणासाठी किंवा रस्त्यासाठी कुणाची जमीन गेली? त्यांना काय मिळालं?
3. तुम्ही कलेक्टर झालात, तर गावातली कोणती एक अडचण हाती घ्याल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरी आई-बाबांनीही मुलांकडून जरूर ऐकावं.