पक्के दात आणि त्यांखालचे सिमेंट

काही दिवसांपूर्वी एक आजोबा सुनेसह दवाखान्यात आले. तोंडाला दुर्गंधी येत होती. पोट बिघडले असावे, असा घरच्यांचा समज. तपासताना खालच्या बाजूचा ब्रिज बोटाने दाबला, तेव्हा एका कॅपच्या कडेने बुडबुडे आले. दंतवैद्यांनी ब्रिज काढला, तर आतली दाढ किडीने पोखरलेली. त्या दाढेचे रूट कॅनाल पूर्वीच झालेले असल्याने वेदनेची सूचना मिळालीच नाही. एका टोकाचे सिमेंट सुटले होते. दुसऱ्या टोकाने ब्रिज जागीच धरून ठेवला होता.

कॅप किंवा ब्रिज आणि घासून तयार केलेला दात यांच्यामधली अगदी बारीक फट सिमेंटने भरलेली असते. हा पातळ थर दात धरून ठेवतो आणि लाळ व जंतूंना आत जाऊ देत नाही. या सिमेंटचे प्रकार आपणांस ठाऊक असावेत.

झिंक फॉस्फेट हे सर्वांत जुने; एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटत नाही, खडबडीत पृष्ठभागांत अडकून पकड घेते. म्हणून दात पुरेसा उंच असावा लागतो. लावताना ते आम्लधर्मी असल्याने जिवंत दात काही काळ सळसळू शकतो. १९६८ साली आलेले झिंक पॉलिकार्बॉक्सिलेट दाताशी रासायनिक बंध जोडते व दाताच्या गाभ्याला सौम्य असते. मात्र दाब सोसण्याची त्याची ताकद कमी असते.

ग्लास आयोनोमर १९७०च्या दशकात आले. तेही दाताला चिकटते, शिवाय फ्लोराइड सोडते. तथापि फ्लोराइड म्हणजे कीड न लागण्याची हमी नव्हे. घट्ट होण्याच्या सुरुवातीच्या काळात ओलावा लागल्यास ते कमकुवत होते. रेझिन सिमेंट सर्वांत बळकट असून लाळेत जवळजवळ विरघळत नाही; आखूड दातांना व काही सिरॅमिक कॅपना ते उपयोगी पडते. परंतु ते लावताना दात पूर्ण कोरडा हवा, आणि हिरडीखाली उरलेला अंश काढला नाही तर तेथे सूज येते. लवंगेच्या तेलातील युजेनॉल असलेले सिमेंट बहुधा तात्पुरते असते. ‘तात्पुरते लावले आहे’ असे सांगितले असेल, तर ठरल्या दिवशी पुन्हा जाणे टाळू नये.

मग सर्वांत चांगले कोणते? दाताची उंची, कॅपचा पदार्थ, हिरडीची स्थिती आणि दात कितपत कोरडा ठेवता येईल, यांवर ते ठरते. निवड दंतवैद्यांचीच, पण ‘कोणते सिमेंट वापरले आणि का?’ हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. सोबत आपल्या सर्व औषधांची यादी न्यावी. रक्तदाब, नैराश्य किंवा लघवीवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते व कॅपच्या कडेला कीड लवकर लागते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती ‘दात हलतो’ असे सांगेलच असे नाही. दुर्गंधी, खारट चव, एकाच जागी अन्न अडकणे किंवा त्या बाजूने चावणे टाळणे, ही सिमेंट सुटल्याची चिन्हे असू शकतात. ब्रिज निघाल्यास तो धुऊन डबीत ठेवावा आणि एक-दोन दिवसांत दंतवैद्यांना दाखवावा. घरातल्या गोंदाने चिकटवू नये. सैल ब्रिज तोंडात ठेवून झोपूही नये, कारण तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. असे घडून खोकला वा धाप लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

नवा ब्रिज बसवल्यावर पहिले चोवीस तास चिक्की, तिळाचे लाडू यांसारखे चिकट व कडक पदार्थ वर्ज्य करावेत. पुढे रोज ब्रिजखालची जागा बारीक ब्रशने स्वच्छ करावी आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. त्या आजोबांची दाढ काढावी लागली. वेळेवर तपासणी झाली असती, तर कदाचित केवळ सिमेंट बदलून भागले असते.