सेहेचाळीस पान्यांची पेटी

लाल रंगाची प्लॅस्टिकची पेटी. उघडली की आत ४६ नग ओळीने मांडलेले, अगदी नव्या सुनेच्या रुखवतासारखे चकचकीत! किंमत साडेसहाशे रुपये. माझ्यासारख्या काटकसरी बाईला मोह न पडता तरच नवल. ‘‘गॅरेजवाल्याला दर वेळी दोनशे-तीनशे देण्यापेक्षा ही पेटी बरी,’’ असं मी घरी जाहीर करून टाकलं. ह्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरमध्ये डोकं खुपसलं. बोलले काही नाहीत. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस कुठे गप्प बसायचं ते शिकतोच.

गाडीचं एवढं मनावर घ्यायचं कारण म्हणजे माझा धंदाच गाडीवर चालतो. नाशिकला अंबडच्या कारखान्यांमध्ये मी जेवणाचे डबे पोचवते. गाडी जुनी, वॅगन-आर. मागचं सीट पाडलं की डब्यांचे दोन क्रेट आरामात बसतात. कारखान्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. म्हणजे एकच्या आत डबे पोचले नाहीत तर ते पोचले काय नि न पोचले काय, सारखंच.

तर त्या बुधवारी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे चाक बसलं. साडेबारा वाजलेले, गाडीत ३८ डबे. मी घाबरले नाही. स्टेपनी होती, जॅक होता आणि ती लाल पेटी होती! ऐटीत पेटी उघडली आणि एकेक गोटी चाकाच्या नटाला लावून बघू लागले. एकही बसेना. सगळ्यात मोठी गोटी होती १४ नंबरची आणि नट १९ चा! ४६ नगांमध्ये चाकाचा एक पाना नाही, हे घेताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गाडीबरोबर आलेला मूळ चाकपाना कोणी तरी मागून नेलेला, तो परत आलाच नव्हता. त्याच्याऐवजी एका प्रदर्शनातून १८० रुपयांना घेतलेला घडीचा पाना डिकीत होता. तो काढला. तीन नट कसेबसे सुटले. चौथा हलेना, म्हणून पान्याच्या दांडीवर पाय देऊन उभी राहिले. ‘कट्’ असा आवाज झाला आणि पाना निसटला. गुडघा रस्त्यावर आपटला तो वेगळाच. पाहते तर पान्याचं तोंड फाकलेलं आणि नटाचे कोपरे झिजून तो जवळजवळ गोल झालेला.

शेवटी पंक्चरवाल्याला फोन केला. त्याने किंचित लहान मापाची गोटी हातोडीने नटावर ठोकून घट्ट बसवली आणि नट काढला. डबे पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. कोणी वडापाव खाल्ला होता, कोणी उपाशीच मशीनवर उभं राहिलं होतं. त्या दिवसाचे पैसे मी घेतलेच नाहीत. रात्री हिशोब मांडला. ३८ डब्यांचे ७० रुपयांप्रमाणे २६६०, पंक्चरवाल्याचे ३००, नवा नट आणि स्टड बसवायचे ४५०. एकूण ३४१०. आणि पुढच्या महिन्यात एका खात्यातले ११ डबे बंद झाले, ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या मामांकडे गेले. मामांनी तो फाकलेला पाना हातात घेऊन फिरवला.

‘‘ताई, चूक एकट्या पान्याची नाही. तुमच्या टायरवाल्याने हवेच्या गनने नट नको इतके आवळलेत. पण चांगला पाना असता तर नट गेला नसता.’’

‘‘मग स्वस्तातलं काहीच घ्यायचं नाही का, मामा?’’

‘‘घ्या की! माझ्याकडेही आहे. फक्त घेताना एकच विचारायचं. हे तुटलं तर काय जाईल? नुसतं हत्यार जाणार असेल तर खुशाल स्वस्त घ्या. गाडीचा भाग जाणार असेल तर मधलं घ्या. हातपाय जाणार असेल तर पैशाकडे बघू नका.’’

मैत्रिणींनो, हे ऐकलं आणि मला माझी सांडशी आठवली. झारा, गाळणं, चिमटा आपण बाजारात मिळेल तो घेतो. पण ढिल्या खिळ्याची सांडशी घेतो का? उकळत्या दुधाचं पातेलं हातातून निसटलं तर काय होईल, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. कुकर घेताना आयएसआयचा शिक्का बघतोच ना! हीच अक्कल हार्डवेअरच्या दुकानात शिरताना मी बाहेर चपलांजवळ ठेवून आले होते.

आता माझी यादी अशी आहे. नरसाळं, बॅटरी, ब्रश, हातमोजे, पडलेला स्क्रू उचलायचा लोहचुंबक, हे सगळं स्वस्तातलं चालतं. ती लाल पेटीही फुकट गेली नाही बरं का. नंबरप्लेट, हेडलाइटचा बल्ब, एअर फिल्टरचं झाकण, अशा हलक्या कामांना ती छान चालते. बॅटरीच्या टर्मिनलला १० नंबरची गोटी लागते. पावसाळ्यात तिथे पांढरी भुकटी धरते आणि गाडी सकाळी सुरू होत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं की काम झालं. मात्र काढताना आधी वजा खुणेची तार काढायची आणि लावताना तीच शेवटी लावायची. नाही तर अधिक खुणेच्या टर्मिनलवर असलेला पाना गाडीच्या पत्र्याला लागून ठिणग्या उडतात.

चाकपाना आणि नेहमीचे पाने मात्र चांगल्या कंपनीचे घेतले. पानेपक्कडींचं मोठं नाव असलेल्या तापडियाचा कारखाना आमच्याच नाशिकला आहे, आणि मी भुलले प्रदर्शनातल्या घडीच्या पान्याला! आठ पान्यांचा संच हजाराच्या आत मिळाला. दुकानात जाताना मामांनी गाडीचाच एक जुना नट बरोबर दिला होता. पाना त्यावर बसवून हलवून बघायचा, सैल डुगडुगला तर परत ठेवायचा. गोटी आतून सहा कोपऱ्यांची घ्यायची. ती नटाच्या सपाट बाजू धरते, बारा कोपऱ्यांची नटाच्या कोपऱ्यांवर जोर देते. मापाचा आकडा नीट ठसलेला हवा. पक्कड उघडझाप करताना खिळ्यात खेळ नको. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरं बघून भुलायचं नाही, ती कोणालाही छापता येतात.

आणि जॅक? त्यात काटकसर नाहीच. कितीही महागाचा असला तरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही, असं मामांनी दोनदा बजावलं. चाकाचे नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग गाडी उचलायची. ब्रेकचं काम असेल तर पेटी बंद करून सरळ गॅरेज गाठायचं.

माझ्या दिराचं म्हणणं, ‘‘वहिनी, पहिल्यांदा सगळं स्वस्तच घ्यावं. वापरून जे तुटेल तेवढंच नंतर चांगलं घ्यावं.’’ आपल्याला नेमकं काय लागतं ते आधी कुठे ठाऊक असतं, त्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण जे भर रस्त्यात, भरल्या डब्यांसकट तुटणार, त्याला हा नियम लावून कसं चालेल?

वर्षभरात बॅटरीची सफाई, बल्ब, वायपर, एअर फिल्टर अशी पाच-सहा कामं घरीच केली. पेटीचे साडेसहाशे केव्हाच वसूल झाले. त्या ११ डब्यांपैकी सहा परत आले, पाच अजून यायचेत.

तुम्हीही एक करा. आज संध्याकाळी आपल्या गाडीची डिकी उघडा आणि आतला पाना चाकाच्या नटाला बसतो का, तेवढं बघून घ्या. दारात, उजेडात, कसलीही घाई नसताना.