चित्र छापायचे यंत्र



लग्नपत्रिका छापून येते. जत्रेचे पत्रकही छापून येते. ते छापतो छापखानेवाला. पण आपले चित्र, आपली चार अक्षरे आपणच छापावी असे वाटले तर? आम्हालाही तसेच वाटले. म्हणून आम्ही ठाण्याच्या कोपरीत एका जुन्या सायक्लोस्टाईल यंत्रावर छपाई शिकलो. ती कशी करतात ते सांगतो.

रांगोळीचा छापा तुम्ही पाहिलाच असेल. त्याला भोके असतात. भोकांतून रांगोळी खाली पडते आणि नक्षी उमटते. सायक्लोस्टाईलची युक्ती हीच. इथे छाप्याच्या जागी स्टेन्सिल असते. स्टेन्सिल म्हणजे मेण चढवलेला पातळ कागद. मेण आहे तिथून शाई जात नाही. टोकदार लोखंडी लेखणीने मेण खरवडले, की त्या रेघेतून शाई पाझरते.

लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८१ च्या सुमारास यासाठी एक लेखणी काढली. तिच्या टोकाला बारीक दातेरी चाक होते. ते कागदाला बारीक भोके पाडीत जाई. चाक म्हणजे चक्र. म्हणून या छपाईला मराठीत चक्रमुद्रण म्हणतात.

आता काम कसे करायचे?

आधी साध्या कागदावर चित्र काढा. आमची कोपरी खाडीकाठी, म्हणून आम्ही होडी काढली. चित्रावर स्टेन्सिल ठेवा आणि रेघा हलक्या हाताने उतरवून घ्या. मग स्टेन्सिलखाली कडक, खरखरीत पाटी ठेवून त्याच रेघा नीट कोरा. फार दाबू नका. दाबले तर कागद फाटतो.

आमची पहिली चूक इथेच झाली. होडीचा तळ काळाभोर दिसावा म्हणून आम्ही तेवढी जागा सगळी खरवडली. छापताना स्टेन्सिल फाटले आणि शाईचा मोठा डाग पडला. एक ताई म्हणाल्या, "अहो, होडी बुडाली की!" सगळे हसले. पण धडा मिळाला. जागा भरायची तर जवळ जवळ रेघा ओढाव्या, नाहीतर ठिपके द्यावे.

एखादी रेघ चुकली तर घाबरू नका. त्यासाठी नखाला लावायच्या रंगासारखे एक पातळ औषध असते. ते चुकीवर लावा. वाळू द्या. मग पुन्हा कोरा.

यंत्राला गोल ढोल असतो. त्याला शाई लागते. स्टेन्सिलच्या वरच्या काठाची भोके ढोलाच्या खुंट्यांत अडकवा. कोरलेली बाजू ढोलाकडे ठेवा आणि मागचा जाड कागद फाडून टाका. आता अक्षरे उलटी दिसली, तर स्टेन्सिल बरोबर बसले. छापताना ती सुलटी येतात.

कागद थोडा खरखरीत, शाई पिणारा घ्या. गुळगुळीत कागदावर शाई लवकर वाळत नाही, पुसटते. गठ्ठा हलवून कागद मोकळे करा. मग हँडल सावकाश फिरवा. दर फेरीला एक प्रत बाहेर येते. चांगले स्टेन्सिल शेकडो प्रती देते.

दोन रंग हवे असतील तर दोन स्टेन्सिले करा. होडीचे काळ्या शाईचे, रोहित पक्ष्याचे लाल शाईचे. दोन्हींवर एकाच जागी बारीक फुली मारा. फुलीवर फुली बसली, की पक्षी नेमका होडीजवळ उतरतो. पहिला रंग पुरा वाळल्याशिवाय दुसरा छापू नका.

या साध्या यंत्राने मोठी कामे केली आहेत. १९४२ च्या चळवळीत छापखान्यांवर सरकारची नजर असे. तेव्हा भूमिगत कार्यकर्ते अशा यंत्रावर पत्रके काढून वाटीत. पुढे १९५० च्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' हे नियतकालिक सायक्लोस्टाईल करून काढले. मोठ्या छापखान्यावाचून त्यांचे अडले नाही.

झेरॉक्स आले आणि ही यंत्रे मागे पडली. आता स्टेन्सिलही सहज मिळत नाही. पण युक्ती मेली नाही. जपानच्या रिसो कंपनीची यंत्रे स्टेन्सिल आपोआप कोरतात. जगभरचे चित्रकार आज त्यांवर रंगीत चित्रे छापतात. जुने यंत्र एखाद्या शाळेत किंवा कचेरीत पडून असेल, तर ते भंगारात घालण्याआधी जाणत्याला दाखवा.

आमच्या चित्राखाली सगळ्यांनी आपापले नाव स्वतः कोरले. पूर्वी आमच्यातल्या काहींच्या अंगठ्याला शाई लागे ती कागदावर अंगठा उठवायला. त्या दिवशीही अंगठे काळे झाले. पण कागदावर उमटली ती आमची नावे. त्या प्रती आम्ही घरोघर वाटल्या.