रस्त्याकडेचा फलक आणि आपला इतिहास

वणीहून मुकुटबनकडे आणि पुढे झरी जामणीकडे जाताना रस्त्याच्या कडेला वाचायला बरेच काही असते. किलोमीटरचे दगड असतात, गावांच्या नावाच्या पाट्या असतात, कामाची रक्कम आणि ठेकेदाराचे नाव सांगणारे फलक असतात. पैनगंगेपलीकडे तेलंगणा सुरू होतो, हेही पाटीवरून कळते. पण इथल्या वस्त्यांत आणि कोलाम पोडांवर कोण राहत आले, त्यांनी काय सोसले आणि काय उभारले, हे सांगणारा फलक सहसा दिसत नाही. तो का हवा आणि कसा लावावा, याबद्दल आम्ही लिहीत आहोत.

याच तालुक्यात शिबला परिसरात 2021 मध्ये रस्त्याच्या कामात बेसाल्टचे खांबासारखे दगड उघडे पडले. लाव्हारस थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि असे कोनदार खांब तयार होतात. ते 6 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत. ही माहिती शेजारी लिहिलेली नसेल, तर पाहणाऱ्याला तो घडवलेला दगड वाटू शकतो आणि त्याच्यावर कोणीही आपली कथा चिकटवू शकतो. माणसांच्या इतिहासाचेही असेच होते.

भीमा कोरेगावचा जयस्तंभ आठवा. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो आपल्या फौजेच्या गौरवासाठी उभारला. त्यावर कोरलेल्या नावांत शेवटी ‘नाक’ असलेली अनेक नावे आहेत. ही महार सैनिकांची नावे. बाबासाहेबांनी 1 जानेवारी 1927 रोजी तिथे जाऊन मानवंदना दिली आणि त्या दगडाचा अर्थ समाजासाठी बदलला. स्तंभ कंपनीचा होता, पण नावे कोरलेली होती म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ती वाचता आली. नावे लिहिली नसती, तर काय वाचले असते?

फलक पुसण्याचाही प्रश्न आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. जातीच्या नावाची पाटी गेली, हे योग्यच झाले. मात्र समतानगर किंवा भीमनगर अशी नवी पाटी लावताना ती वस्ती गावाबाहेर का होती, विहीर वेगळी का होती, ती कोणी खोदली, ही आठवणही पुसली जाऊ नये. अपमानाचे नाव काढायचे आणि संघर्ष नोंदवून ठेवायचा, ही दोन्ही कामे सोबत झाली पाहिजेत.

सुरुवात धम्मदीक्षेपासून करता येईल. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षा समारंभ झाले. चंद्रपूर इथून जवळ. आपल्या गावातून कोण गेले होते, पायी की बैलगाडीने, परत आल्यावर गावात काय घडले, हे आजच विचारा. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आजी-आजोबा आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्यानंतर हे सांगणारे कोणी उरणार नाही.

विचारताना तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव लिहून घ्या. एकच गोष्ट निदान दोघांकडून पडताळून पाहा. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर, सातबारा, जुने फोटो, विहाराच्या बांधकामाच्या वर्गणीची वही तपासा. जे पक्के ठरले नाही, ते फलकावर घेऊ नका. एक खोटी ओळ बाकीच्या खऱ्या ओळींवरचा विश्वास घालवते. मजकूर पाच-सहा ओळींचा ठेवा: काय घडले, कधी, कोणी केले, हे कशावरून कळले. त्यानंतर ग्रामसभेत ठराव घ्या. जागा रस्त्याच्या हद्दीत असेल, तर तो रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या बांधकाम खात्याची लेखी परवानगी घ्या.

आणि हा फलक एकट्या आपला नसावा. या तालुक्यात गोंड, कोलाम, परधान बांधव आपले शेजारी आहेत. त्यांच्या पोडाचा, देवस्थानाचा, जंगलहक्काचा इतिहास त्यांच्याच तोंडून आणि त्यांच्या भाषेतूनही फलकावर यावा. आपल्यावर इतरांनी इतिहास लादला, तसा आपण कोणावर लादायचा नाही.

येत्या वर्षावासात विहारात रोजच्या वाचनानंतर अर्धा तास गावातल्या एका ज्येष्ठासाठी राखून ठेवा. वही आणि पेन घेऊन बसा. फलक नंतर लागेल. जय भीम, नमो बुद्धाय.