बिडाच्या वाटा : सीमाभागातील जुनी इंजिने आणि घरच्या घडणीचे मॅनिफोल्ड

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन बिदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे जिल्हे म्हैसूर राज्यात दाखल झाले, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी घरांचे सरकारी दफ्तर जरी त्या दिवसापासून बंगळूरकडे वळले, तरी त्यांच्या मोटारींची वाट पूर्वापार होती तीच राहिली : सोलापूर, उमरगा, हुमनाबाद आणि हैदराबाद. या मुलखाला मोटारीची ओळखही फार जुनी. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्तेवाहतुकीचे निराळे खाते उघडले. त्या काळच्या गाड्या स्कॉटलंडमधील अल्बियन कारखान्याच्या. परमुलखातील कारखान्याचा भाग निकामी झाला की त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा तो लेथवर, भट्टीत किंवा वेल्डिंगच्या टेबलावर घडवून घ्यावा, ही वहिवाट अशा ठिकाणी आपोआपच रूढ होते. आणि अशा घडाईच्या कामांपैकी सर्वांत सोपे दिसणारे व सर्वांत अधिक फसविणारे काम म्हणजे जुन्या इंजिनाच्या छिद्रांशी नवा मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण आत नेणारा किंवा धूर बाहेर नेणारा नळजोड, जुळविणे.

विषयाला प्रारंभीच मर्यादा घातलेली बरी. महिंद्रांच्या जुन्या जीपमधील ‘हरिकेन’ इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत नेणारा मार्ग हेडच्याच ओतकामात सामावलेला असल्यामुळे तेथे कारागिराच्या वाट्याला केवळ धूर बाहेर नेणारी बाजू उरते. खरी परीक्षा होते ती अँबेसेडरच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या जुन्या इंजिनावर. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समधून ही गाडी २०१४ पर्यंत बाहेर पडत होती, आणि तिचे हे मूळचे इंग्रजी इंजिन मोठे विलक्षण आहे : सिलिंडर चार, परंतु हेडच्या एकाच कुशीला छिद्रे मात्र पाच, दोन आत घेणारी आणि तीन बाहेर टाकणारी.

या काटकसरीचा परिणाम समजून घेतल्याशिवाय कानस हाती धरू नये. ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा असल्याने दुसरा व तिसरा सिलिंडर एकमेकांपासून बरोबर एका पूर्ण फेऱ्याने दूर पडतात, आणि म्हणून मधले धुराचे छिद्र दोघांत सामाईक असूनही त्यांचा तंटा होत नाही. आत घेण्याच्या बाजूला मात्र न्याय इतका रास्त नाही. तिसरा व चौथा, तसेच दुसरा व पहिला, हे जोडीदार एका छिद्रातून लागोपाठ श्वास घेतात. आधी श्वास घेणाऱ्याने गती दिलेल्या मिश्रणाचा लाभ मागाहून येणाऱ्याला अधिक मिळतो, आणि मग सुमारे एक फेरा त्या वाटेवर सामसूम असते. हा पक्षपात हेडच्या पोटात ओतलेला आहे. तो बाहेरून बसविलेल्या कोणत्याही मॅनिफोल्डने मिटत नाही, आणि छिद्रे रुंद करून ताकद वाढविण्याचा उत्साह या इंजिनापुरता तरी मला व्यर्थ वाटतो.

जुळवणीचे जे शास्त्र आहे ते एका वाक्यात मावते : पाटाच्या पाण्याला पायरी उतरावी लागली तर फारसे बिघडत नाही, चढावी लागता कामा नये. म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या छिद्राहून किंचित लहान असले तरी चालेल, मोठे असू नये. उलट धुराच्या मॅनिफोल्डचे तोंड छिद्राहून किंचित मोठे असावे, कारण तेथे प्रवाहाची दिशा उलटी असते. धुराच्या बाजूची ही छोटी पायरी तर उपकारकच, कारण मागे परतू पाहणाऱ्या वायूला ती अडविते. अनेक हौशी लोक दोन्ही बाजू समान मापाने, आरशासारख्या घासून काढतात आणि त्यात सारे श्रम वेचतात. पण बोल्टांच्या भोकांत असलेल्या सैलपणामुळे फ्लँज प्रत्येक खेपेस केसभर निराळ्या जागी बसत असेल, तर त्या घासण्याला अर्थ काय? म्हणून कसलेला मिस्त्री प्रथम दोन घट्ट खुंट्या बसवून फ्लँजची जागा कायम करतो, नंतर नवे पॅकिंग हेडवर धरून त्याचे छिद्र मूळ छिद्राहून मोठे तर नाही ना याचा मुलाहिजा घेतो, आणि मगच निळ्या रंगावर अणकुचीदार आखणीने रेघ ओढतो.

याच इंजिनात आणखी एक मेख आहे. दोन्ही मॅनिफोल्ड शेजारी शेजारी बसतात आणि काही ठिकाणी एकच जाड वॉशर दोघांच्याही कडा एकदम दाबून धरतो. घरच्या फ्लँजची जाडी कारखान्याच्या फ्लँजहून अर्धे सूतही कमी-अधिक भरली, तर वॉशर एकीला दाबतो आणि दुसरीला मोकळी सोडतो. मग ‘पॅकिंग फुटलं’ अशी तक्रार घेऊन गाडी पुनःपुन्हा दारात येते आणि प्रत्येक वेळी बिचारे पॅकिंग बदलले जाते.

ओतकामाचा मार्ग पत्करल्यास लाकडी नमुना आकुंचनाचा हिशेब धरून मोठा करावा लागतो, आणि हा हिशेब आमच्या जुन्या मापात किती सोयीचा बसतो पाहा : बिडासाठी फुटास एक सूत, ॲल्युमिनियमसाठी सव्वा सूत. ओतकाम म्हटले की बिदरचे नाव सहजच ओठांवर येते. परंतु बिदरीच्या कारागिरांची धातू मुख्यतः जस्ताची, तांबे तिच्यात अल्पांशाने. आणि जस्त ४१९ अंशांवर वितळते, तर चढावर दमलेल्या पेट्रोल इंजिनाचा धूर ६०० अंश सहज ओलांडतो. बिदरी हुक्क्याचा बुंधा धुराशी परिचित असला तरी या धुराशी नव्हे. ॲल्युमिनियमही ६६० अंशांना वितळते, म्हणून ते आत घेण्याच्या बाजूलाच शोभते. धुराकरिता एक तर बीड, नाही तर पोलादी नळ्या.

पोलादी नळ्या कोरड्या वाळूने ठासून, तापवून वाकविल्या की वळणावर चेपत नाहीत, हे सर्वांस ठाऊक असते. विसरले जाते ते प्रसरण. ४०० मिलिमीटर लांबीची फ्लँजची पोलादी पट्टी ४०० अंशांनी तापली की जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते. तिची सर्व भोके नेमक्या मापाची ठेवली, तर ती वाढ बोल्टांवर येते किंवा पट्टी कमानीसारखी उचलली जाते. यास्तव मधली भोके नेमकी आणि टोकांची लांबट ठेवावीत, किंवा वेल्डिंग उरकल्यावर तीन छिद्रांमधली पट्टी कापूनच टाकावी. वेल्डिंग करताना फ्लँज एखाद्या निकामी हेडवर आवळून ठेवण्याची तजवीज करावी, थोडे थोडे टाके घालावेत, आणि शेवटी तोंड सपाट कानसून घ्यावे. पहिल्या तापण्यानंतर इंजिन पूर्ण निवले की सर्व नट पुन्हा आवळावेत.

आता उन्हाची गोष्ट. थंड देशांच्या रचनाकारांनी पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून मिश्रणाच्या मार्गाला मुद्दाम धुराच्या मार्गाची ऊब दिली. पण कलबुर्गीत वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर मुक्काम ठोकतो, आणि धुराच्या नळ्यांच्या वर टांगलेल्या कार्ब्युरेटरात पेट्रोल वेळेआधीच उकळू लागते. गाडी बाजारात दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालू होण्यास का कुरकुरते, याचे उत्तर बहुधा येथे असते. नवा मॅनिफोल्ड घडविताना ही ऊब तोडावी, दोहोंच्या मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा आणि कार्ब्युरेटरखाली जाड फायबरची चकती घालावी. या प्रांतात घरच्या घडणीचा खरा नफा मला अश्वशक्तीपेक्षा येथेच दिसतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनास ‘व्हीए’ मालिकेची निराळी नोंदणी मिळू शकते. प्रथम नोंदणीस शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. तेव्हा तडा गेलेला मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड भंगारवाल्याच्या तराजूत न घालता, तेल लावून, त्याच्या वॉशरांसह घरच्या माळ्यावर ठेवावा. निकलच्या कांडीने सावकाश, तापवून तापवून सांधणारा हात आज नाही तरी उद्या मिळण्याचा संभव असतो.